सातवीपर्यंत खेळणाऱ्या मुली आठवीत मैदान का सोडतात, आणि शाळेच्या हातात काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावापासून आत असलेली माध्यमिक शाळा, आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांतून येणाऱ्या मुली. सहावी-सातवीत खो-खोला वीस-पंचवीस जणी येतात, नववीपर्यंत सहा-सात उरतात. घरी विचारलं तर 'आमच्याकडे मोठ्या मुली खेळत नाहीत' एवढंच उत्तर मिळतं. १७ वर्षांखालील गटात संघच उभा राहत नाही. क्रीडाशिक्षकाने काय करावं?

'आमच्याकडे मोठ्या मुली खेळत नाहीत' या वाक्यात सात-आठ वेगवेगळ्या अडचणी एकत्र बांधलेल्या असतात: कपडे, परतायची वेळ, वाट, पाळी, पुरुष प्रशिक्षक, कडेला उभे राहून बघणारे लोक, घरकाम, लग्नाची बोलणी. एका घरात यातली एखादी असते, शेजारच्या घरात भलतीच. त्यामुळे सगळ्या पालकांना बोलावून मुलींच्या प्रगतीवर एकच भाषण दिलं, तर टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तेवढ्याच मुली असतात.

आधी एक वही करा. प्रत्येक मुलीच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: 'नाही' नेमकं कोण म्हणतं, कधीपासून म्हणतं आणि कशाला म्हणतं. ही माहिती शिक्षिकेने मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारायची, वर्गात नाही. एकत्र कुटुंबात वडील म्हणतात, 'माझी काही ना नाही, पण आमच्या थोरल्यांना चालत नाही.' मग थोरल्या चुलत्यांशी किंवा आजीशी बोलल्याशिवाय वडिलांशी पाचदा बोलून उपयोग नसतो. कित्येक घरांत सगळ्यात ठाम विरोध कॉलेजात जाणाऱ्या मोठ्या भावाचा असतो, कारण मैदानाच्या कडेला उभे राहून शेरे मारणारे त्याचेच मित्र असतात.

घरी जाताना शिक्षिकेला किंवा गावातल्या आशाताईंना बरोबर घ्या. एकट्या पुरुष शिक्षकाने मुलीच्या घरी जाऊन 'तिला पाठवा' म्हणणं हेच कित्येकदा नकाराचं नवं कारण होतं. खुरपणी-काढणीच्या दिवसांत आई संध्याकाळी सातच्या आत घरात सापडत नाही, तेव्हा दुपारची भेट वाया जाते. पहिल्या भेटीत 'तिला खेळू द्या' असं मोघम मागू नका. मागणी बारीक आणि मुदतीची ठेवा: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शाळेच्याच वेळेतला शेवटचा तास, गणपतीपर्यंत. पुढे बघू म्हणणाऱ्या घराला मुदतीचा होकार देणं सोपं जातं. मुदत संपली की न बोलावता पुन्हा जा आणि मुलीची हजेरी, वजन, अभ्यास यांबद्दल सांगा. शब्द पाळणारा मास्तर म्हणून तुमची ओळख झाली की पुढची परवानगी लवकर मिळते.

परंपरेचं कारण पुढे केलं जातं तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. नागपंचमीला, मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा घालणाऱ्या बायका चांगल्या घामाघूम होत. मुलीच्या अंगमेहनतीला किंवा धावपळीला गावाचा विरोध कधीच नव्हता. ते खेळ अंगणात, बायकांच्या घोळक्यात, अंगभर कपड्यांत होत. आजीचा आक्षेप उघड्या मैदानाला, रस्त्यावरून दिसण्याला आणि कपड्यांना असतो. हे उमगलं की कामाची पहिली पायरी समोर येते: मैदान कुठे आखायचं.

मुलींच्या कबड्डीचं क्रीडांगण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. चहूबाजूंनी तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तरी अडीच गुंठ्यांत बसतं. म्हणजे ते शाळेच्या इमारतीमागे, रस्त्यापासून लपलेल्या बाजूला सहज आखता येतं. बहुतेक शाळांत मात्र ते प्रवेशद्वाराजवळ असतं, कारण तिथली जमीन सपाट असते आणि पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना दिसतं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, मोकळ्या जागेसह पाच-सहा गुंठे लागतात. ते हलवता येत नसेल तर रस्त्याच्या बाजूला शेवरी किंवा मेंदीचं कुंपण लावा, आणि ते वाढेपर्यंत सरावाच्या वेळी हिरवी शेडनेट बांधा. यावर कोणी म्हणेल, मुलींना लपवून का खेळवायचं? रास्त आक्षेप आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीने आधी न लाजता सूर मारायला शिकावं, लोकांसमोर खेळण्याची सवय तिला वर्षभराने लागते. पहिले तीन-चार महिने आडोसा, मग शाळेतल्या इतर मुली आणि आया प्रेक्षक, मग गावासमोर सामना, हा क्रम टिकतो.

दुसऱ्या पायरीवर मोबाइल येतो, आणि यात हयगय करू नका. सूर मारताना, पकडीत अडकलेल्या मुलीचा व्हिडिओ गावातल्या व्हॉट्सॲप गटावर फिरला की ती मुलगी तर जातेच, तिच्या वाडीतल्या बाकीच्याही जातात. सरावात फोन बंद. शाळेने काढलेली छायाचित्रंही पालकांना विचारूनच बाहेर जातील, आणि ती बक्षीस घेतानाची असतील, खेळतानाची नाहीत. हा नियम पालकांना लेखी द्या. एरवी महिनाभर लागणारं काम या एका कागदाने बऱ्याच घरांत होतं.

कोणता खेळ आधी? माझं मत स्पष्ट आहे: जिथे विरोध जास्त तिथे खो-खोपासून सुरुवात करा. त्यात कोणाला धरून ठेवायचं नसतं, अंगाला अंग भिडत नाही, आणि तो बायकांचा खेळ म्हणून जुन्या लोकांनाही ओळखीचा आहे. कबड्डी नंतर. ती शिकवताना पुरुष प्रशिक्षकाने पकड मुलीवर दाखवायची नाही. घोट्याची पकड, कमरेची पकड, साखळी (हात धरून घेरणं) हे सगळं दोन मुलींकडून करून घ्या, तुम्ही बाहेरून तोंडी सांगा. आधार द्यायची वेळ आलीच तर आधी विचारा आणि सगळ्यांसमोर द्या. मुलीला एकटीला थांबवून सराव नाही, मुलीशी फोनवर खासगी संदेश नाहीत. जे सांगायचं ते शिक्षिका असलेल्या गटावर. शाळेतली सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत बंधनकारक केलेली) कागदावर असेल तर ती जागी करा, आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक खेळाच्या साहित्याच्या खोलीच्या दारावर रंगवा. लैंगिक छळाची घटना कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेची बदनामी नको, मुलीचं लग्न व्हायचंय' म्हणून मिटवलेलं एक प्रकरण त्या गावातल्या मुलींचा खेळ दहा वर्षं बंद पाडतं. पालकांची ही भीती खरी आणि रास्त आहे. तिला 'मागासलेपणा' म्हणणाऱ्या शिक्षकावर कोणी मुलगी सोपवणार नाही.

कपड्यांबद्दल हट्ट करू नका. अर्धी चड्डी घातल्याने खेळ सुधारत नाही. अंगाला बसणारी घोट्यापर्यंतची लेगिंग, त्यावर गुडघ्यापर्यंतची चड्डी, कोपरापर्यंत बाह्यांचा जाडसर टी-शर्ट, इतकं कोणत्याही घरात चालतं, आणि मातीवर गुडघे-कोपर खरचटणंही कमी होतं. सलवार-कमीज आणि ओढणीवर सराव मात्र नको. सैल कापड पकडीत सापडतं, पायात येतं आणि पडल्यावर दात तुटतो. रंग गडद घ्या: काळा, निळा, गडद मरून. पांढरी चड्डी निवडणाऱ्या शाळेने मुलींना विचारलेलं नसतं. डोकं झाकणाऱ्या मुलींसाठी पिनांचा स्कार्फ धोक्याचा, डोक्यावरून ओढून घालायची ताणणारी टोपी वापरावी. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने डोकं झाकून खेळायला २०१४ मध्येच मान्यता दिली आहे, तेव्हा गावच्या मैदानावर त्यावरून वाद घालायचं कारण नाही. बांगड्या, कानातलं, पैंजण उतरवायचं आणि नखं कापायची हे कबड्डीच्या नियमांतच आहे. नाक टोचायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत टोचा, असं आयांना आधीच सांगून ठेवा.

आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते म्हणजे आतले कपडे. छाती वाढू लागलेली मुलगी पळताना अवघडते, हात पुढे धरून पळते, आणि एके दिवशी पोट दुखतं म्हणून बसते. कित्येक मुलींचं मैदान इथेच सुटतं आणि दोष घरच्यांवर जातो. खेळासाठीची ब्रा चैनीची वस्तू नाही. शिक्षिकेने मुलींना माप घ्यायला शिकवावं: एक माप छातीखालून, एक सर्वांत भरलेल्या भागावरून. खालच्या पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जावीत, हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये. प्रत्येकीला दोन लागतात, एक अंगात आणि एक वाळत. क्रीडासाहित्याच्या खर्चात चेंडूंआधी याची तरतूद करावी, इतकं हे महत्त्वाचं आहे.

पाळीच्या बाबतीत शाळेने चार सोयी कराव्यात. आतून कडी लागणारं, पाणी असलेलं, झाकणाचा डबा असलेलं स्वच्छतागृह, तेही सरावाच्या वेळी उघडं. कारण शाळा सुटली की शिपाई कुलूप लावून जातो. साहित्याच्या पेटीत दहा पॅड, दोन जादा गडद लेगिंग आणि जुनी वर्तमानपत्रं, आणि ते घ्यायला कोणाला विचारावं लागू नये. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं हे मुलींना सांगितलेलं असावं. 'आज हलकं' असं म्हणणाऱ्या मुलीला कारण विचारायचं नाही. पाळीत खेळल्याने अपाय होत नाही, बऱ्याच जणींचं दुखणं हालचालीने कमीच होतं. पण खेळायचं की बसायचं हे तिने ठरवावं. काही घरांत मुलीला त्या दिवसांत बाजूला बसवतात. अशी मुलगी चार दिवसांनी आली की 'कुठे होतीस?' असं सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे तिची पाळी जाहीर करणं. दर तासाला-दोन तासांना पॅड भिजत असेल, आधी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे पाठवा.

याच्याच पोटात एक न बोललेली भीती असते: उड्या मारून मुलीचं 'काहीतरी होईल', पुढे मूल होणार नाही, लग्नानंतर संशय घेतील. हे तुम्ही सांगून पटणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या महिला डॉक्टरांना किंवा सिस्टरना आयांच्या बैठकीत बोलवा, पुरुष बाहेर ठेवा, आणि त्यांना सरळ सांगू द्या: धावण्याचा, उड्या मारण्याचा मूल होण्याशी संबंध नाही, आणि योनीच्या पडद्यावरून कौमार्य ठरवणं वैद्यकीयदृष्ट्या खोटं आहे. ही बैठक हळदी-कुंकवाला जोडली तर गर्दी होते.

मुलगी 'दमते, चक्कर येते' म्हणून घरच्यांनी खेळ बंद केला असेल तर आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. सहावीपासून बारावीपर्यंत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर, शिक्षकासमोर घ्यायची, पुढे तासभर चहा नाही. शौचाला काळं होतं हे आधी सांगा, नाहीतर मुली गोळ्या खिडकीतून टाकतात. वर्षातून दोनदा जंताची गोळी. आणखी एक गोष्ट सहज सुटते: शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीतली मुलगी सकाळी भाकरी खाऊन निघालेली असते आणि चार वाजता तुम्ही तिला पळवता. सरावाआधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. उपवासाच्या दिवशी, विशेषतः निर्जळी असेल तर, आणि रोजाच्या महिन्यात कसून सराव नको, तंत्र आणि डावपेच शिकवा.

वेळ आणि वाट एकत्रच बघावी लागते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी सुटते ती शाळा सुटल्यावर, सराव सुटल्यावर नाही. शेवटच्या गाडीची वेळ धरून उलटं मोजा: गाडी साडेपाचची असेल तर सव्वापाचला मुली तोंड धुऊन थांब्यावर हव्यात, म्हणजे सराव पाचला संपला पाहिजे. म्हणून मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकातला शेवटचा तास मागून घ्या आणि शाळा सुटल्यावर वीस मिनिटंच वाढवा. आठवड्यातून सहा दिवस दोन तासांपेक्षा तीन दिवस पाऊण तास बरा, कारण तो फेब्रुवारीपर्यंत चालतो. पायी जाणाऱ्या मुलींचे वाडीनुसार गट करा. एका वाडीतली एकच मुलगी संघात घेऊ नका, ती दोन महिन्यांत गळते. १२ जणींचा संघ हवा असेल तर १८ जणींपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक वाडीच्या किमान दोघी-तिघी घ्या.

घरकामाचं गणित आईशी बसून सोडवावं लागतं. पाणी, धाकटं भावंड, संध्याकाळची भाकरी. धाकट्याला मैदानावर आणायची मुभा द्या, त्याला सावलीत बसवा, इतक्याने काही मुली वाचतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत दिवाळीच्या सुमारास मुलगी फडावर जाते, आणि शालेय स्पर्धांच्या वरच्या फेऱ्या साधारण त्याच काळात असतात. त्या मुलीसाठी हंगामी वसतिगृहाची किंवा आजीकडे राहण्याची व्यवस्था ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठीची आगाऊ रक्कम) घेऊन झाल्यावर बोलणं निष्फळ असतं.

जातीचा विषय टाळू नका. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलींनी एकमेकींच्या अंगाला धरायचं, एका घागरीतलं पाणी प्यायचं, मुक्कामी एका ताटाशेजारी जेवायचं, याला काही घरांचा विरोध असतो आणि तो 'खेळ नको' या शब्दांत बाहेर येतो. संघातल्या जोड्या तुम्ही पाडा, मुलींवर सोडू नका, आणि जोड्या दर आठवड्याला बदला. पाण्याचं भांडं एकच ठेवा. इथे मुदतीची, तडजोडीची भाषा वापरू नये.

बाहेरगावच्या स्पर्धेसाठी पालकांना एक पान द्या: निघायची वेळ, गाडी, मुक्कामाचं ठिकाण, सोबतच्या शिक्षिकेचा क्रमांक, फोन कधी होणार, परत कधी. फोन ठरल्या वेळी झालाच पाहिजे. परतायला उशीर होणार असेल तर पालकांनी विचारायच्या आधी कळवा. शिक्षिका मिळत नसेल तर संघातल्या एखाद्या मुलीच्या आईला न्या, आणि तिचं भाडं शाळेने द्यावं. ती आई परत आल्यावर गावात जे सांगते त्याचा परिणाम कोणत्याही सभेपेक्षा जास्त असतो.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं जपून वापरा. पदकाचा फोटो दाखवला की 'ती वेगळी' असं म्हणून विषय संपतो. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावच्या, दुष्काळी भागातल्या. आधी खो-खो खेळायच्या, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या आल्या. सारिका काळे धाराशिवच्या, त्यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. या मुलींचं सांगायचं ते हे, की सुरुवात तुमच्या मुलीसारखीच साध्या मैदानावर झाली. नोकरीचं आश्वासन मात्र देऊ नका. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि जागा थोड्या असतात. दोन वर्षांनी नोकरी मिळाली नाही की सगळं गाव म्हणतं, मास्तरांनी फसवलं. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, तेही विशिष्ट स्तरावर खेळल्यावरच, हेही स्पष्ट सांगा.

दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण थांबवायचा नाही. आठवड्यातून दोन दिवस चाळीस मिनिटं ठेवा. पूर्ण थांबलेली मुलगी अकरावीत क्वचितच परत येते. लग्नाची बोलणी सुरू झाल्याचं कळलं आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर तो क्रीडाशिक्षकाचा खासगी प्रश्न राहत नाही. मुख्याध्यापक, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), अंगणवाडी पर्यवेक्षिका यांना लगेच सांगा. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

ज्या मुलींचा खेळ आधीच सुटला आहे आणि घर अजूनही ऐकत नाही, त्यांना मैदानापासून तोडू नका. त्यांना गुणलेखन, वेळाधिकारी, रेषापंच ही कामं शिकवा. शाळेच्या गणवेशात, वही-शिट्टी घेऊन, खुर्चीवर बसून करायचं काम म्हटलं की बहुतेक घरं नाही म्हणत नाहीत. खो-खोच्या डावाची नोंद, कबड्डीतले बोनस, लोण (समोरचा सगळा संघ बाद होणं), तीस सेकंदांची चढाई हे सगळं पंधरा दिवसांत येतं. पुढे वय झाल्यावर संघटनांच्या पंच परीक्षा देता येतात, सामन्यांना मानधनही मिळतं. यातल्या काही मुली एखाद्या दिवशी खेळाडू कमी पडली म्हणून आत उतरतात. त्यासाठी त्यांचा एक जादा पोशाख साहित्याच्या पेटीत घडी घालून ठेवा.